लहान कौटुंबिक वाइनरीतील शिराझ : गाळ, दोन हंगामांतील फरक आणि घरातील साठवण

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. दिंडोरी तालुक्यातील एका कुटुंबाच्या लहान वाइनरीतून आपण २०२० आणि २०२१ या दोन हंगामांच्या शिराझच्या (या लाल द्राक्षजातीच्या वाइनच्या) काही बाटल्या आणल्या आणि पुण्यात घरातील कपाटात ठेवल्या. उघडल्यावर २०२० ची वाइन पातळ आणि काहीशी आंबट लागली, २०२१ ची गडद आणि भरीव निघाली, आणि दोन्ही बाटल्यांच्या तळाशी गाळ होता. वाइन बिघडली आहे का, एकाच लेबलच्या दोन बाटल्यांत एवढा फरक कसा, लहान वाइनरीवर भरवसा ठेवावा का, आणि उरलेल्या बाटल्या किती काळ ठेवाव्यात, हे आपण विचारले आहे.

आपण केलेल्या वर्णनावरून दोन्हींपैकी कोणतीही वाइन बिघडलेली दिसत नाही. गाळाची काळजी करण्याचे कारण नाही आणि दोन वर्षांतील फरकाचे कारण बहुधा बागेत सापडेल. मला खरी काळजी वाटते ती कपाटाची, आणि त्याबद्दल पुढे सविस्तर लिहितो.

प्रथम दोन हंगामांतील फरक पाहू. आपल्याकडे द्राक्षवेलीची वर्षातून दोनदा छाटणी होते. एप्रिलमध्ये खरड छाटणी होते, तिच्यानंतर काडी तयार होते आणि डोळ्यांत घडाची निर्मिती होते. पावसाळा सरता सरता, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, गोडी छाटणी होते आणि त्या फुटीवर आलेले घड जानेवारी ते मार्च या काळात काढले जातात. म्हणजे बाटलीवर २०२० लिहिलेले असले तरी त्या वाइनचे भवितव्य २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्येच ठरायला लागले होते. (फ्रान्समधील २०२० ची द्राक्षे त्या वर्षीच्या सप्टेंबरच्या आसपास काढली गेली, त्यामुळे एकच साल छापलेली आपली बाटली त्यांच्या बाटलीपेक्षा सहा-सात महिन्यांनी मोठी असते. वाइन किती जुनी झाली याचा हिशेब करताना हे ध्यानात ठेवावे.)

२०१९ चा परतीचा पाऊस नाशिक जिल्ह्यातील कोणताही बागायतदार विसरलेला नाही. ऑक्टोबरचा उत्तरार्ध आणि नोव्हेंबरचा आरंभ पावसात गेला. ज्यांनी लवकर छाटणी केली होती त्यांच्या वेली नेमक्या त्या दिवसांत कोवळ्या फुटीच्या किंवा फुलोऱ्याच्या अवस्थेत होत्या, आणि ही अवस्था केवडा या बुरशीजन्य रोगाला सर्वांत जास्त बळी पडणारी असते. केवडा घडावर आला की मणी गळतात, पानावर आला की पान वाळते. वेलीवर पुरेशी निरोगी पाने नसतील तर मण्यात साखर हळू भरते, सालीत रंग कमी चढतो आणि आम्लता मात्र टिकून राहते. असा माल दोन-तीन आठवडे अधिक ठेवूनही सुधारत नाही, म्हणून बागायतदार तो वेळेवर काढून घेतो. त्यापासून होणारी वाइन हलकी, रंगाने फिकट आणि चवीला किंचित आंबटच होते. आपल्या वाइनरीची बाग मी पाहिलेली नाही, त्यामुळे तेथे नेमके काय घडले हे मी सांगू शकत नाही. पण आपण केलेले २०२० चे वर्णन त्या हंगामाशी पूर्णपणे जुळते.

त्याच हंगामात मोठ्या कंपनीची वाइन नेहमीसारखी लागली असेल, तर त्याचे कारण मिश्रण हे आहे. मोठ्या वाइनरीकडे वेगवेगळ्या तालुक्यांतील शेकडो एकरांचा करारावरील माल येतो. एका भागात पाऊस झाला तर दुसऱ्या भागातील चांगल्या टाकीतून तूट भरून काढता येते आणि लेबलची चव दरवर्षी जवळजवळ सारखी ठेवता येते. हे मोठे कौशल्याचे काम आहे आणि मी त्याला कमी लेखत नाही. परंतु ज्या कुटुंबाची दहा-पंधरा एकर बाग आहे आणि त्यात शिराझचे दोनच प्लॉट आहेत, त्याच्याकडे मिसळायला दुसरे काही नसते. त्या वर्षी जे पिकले तेच बाटलीत जाते. लहान वाइनरीची वाइन घेण्याचे खरे कारण माझ्या मते हेच आहे आणि तिचा धोकाही हाच आहे. दोन्ही गोष्टी एकत्रच विकत घ्याव्या लागतात.

आकड्यांत सांगायचे तर एक टन लाल द्राक्षांपासून साधारण ६०० ते ७०० लिटर वाइन मिळते, म्हणजे नऊशेच्या आतबाहेर बाटल्या. खाण्याच्या द्राक्षाचे एकरी दहा टन किंवा त्याहून अधिक उत्पादन घेणारा शेतकरी वाइनच्या शिराझचे चार-पाच टनच ठेवतो, कारण वेलीवर घड वाढले की रस पातळ होतो. ओकचे एक प्रमाणित बॅरल २२५ लिटरचे असते आणि त्यातून ३०० बाटल्या निघतात. नवे फ्रेंच बॅरल युरोपातच बरेच महाग पडते. वाहतूक आणि आयातखर्च वेगळा. म्हणून लहान वाइनरीत बॅरलची संख्या मोजकी असते, त्यांतील बरीचशी तिसऱ्या-चौथ्या वापराची असतात आणि उरलेली वाइन स्टीलच्या टाकीतच मुरते. मला ही उणीव वाटत नाही. आपल्याकडील काही शिराझ नव्या लाकडाने इतक्या दडपलेल्या असतात की व्हॅनिला आणि जळक्या साखरेच्या वासाखाली द्राक्ष शोधावे लागते. शिराझ मुळात फ्रान्समधील ऱ्होन खोऱ्यातील जात आहे आणि मिरी, जांभळासारखे गडद फळ आणि किंचित धुरकटपणा हा तिचा स्वभाव आहे. जुन्या बॅरलमध्ये तो अधिक चांगला दिसतो.

महाराष्ट्रात अशी कौटुंबिक वाइनरी उभी राहू शकली ती मुख्यतः २००१ च्या राज्य द्राक्षप्रक्रिया धोरणामुळे. त्यानंतरच्या काही वर्षांत नाशिक आणि सांगली भागांत अनेकांनी टाक्या बसवल्या आणि २००८-०९ च्या मंदीत त्यांतील बऱ्याच बंदही पडल्या. पुष्कळ शेतकऱ्यांनी वाइनच्या वेली काढून पुन्हा थॉमसन ही खाण्याच्या द्राक्षाची जात लावली. जे टिकले त्यांचे काम पाहण्यासारखे आहे. निफाड तालुक्यात कुंदेवाडीला पाटील कुटुंबाच्या रेव्हेलो वाइनरीने नीरो दाव्होला आणि सांजोव्हेझे या इटालियन लाल जाती लावल्या. इगतपुरीजवळ कवनईला व्हॅलोने वाइनरीने मालबेक या लाल जातीकडे लक्ष दिले. गंगापूर धरणाजवळची यॉर्क ही गुरनानी कुटुंबाने उभी केलेली वाइनरी. २०२१ मध्ये ती सुलाने विकत घेतली. या तिन्ही ठिकाणांची माती, पाऊस आणि उंची वेगवेगळी आहे. इगतपुरीकडे पाऊस निफाडच्या कितीतरी पट पडतो आणि तेथील बागेचे वेळापत्रक निफाडच्या बागायतदाराला परके वाटेल. त्यामुळे ‘नाशिकची रेड वाइन’ असा सरसकट शेरा मारणे मला मान्य नाही.

आता तंत्राकडे येतो, कारण लहान वाइनरीवर भरवसा ठेवावा का, या आपल्या शंकेचे उत्तर तेथे आहे. युरोपात द्राक्ष पिकते तेव्हा हवा थंड होत जाते. आपल्याकडे उलट घडते. फेब्रुवारीत रात्र गार असली तरी दुपार तापू लागते आणि मार्चमध्ये उन्हाळा लागलेला असतो. शेवटच्या दहा दिवसांत साखर झपाट्याने चढते, आम्लता तितक्याच वेगाने उतरते आणि सालीतील व बियांतील तुरटपणा देणारे टॅनिन मात्र आपल्या गतीनेच पक्व होते. २३-२४ ब्रिक्सला (रसातील साखरेचे माप) काढलेल्या मालापासून साधारण साडेतेरा टक्के मद्यार्काची वाइन होते. चार दिवस उशीर झाला तर ती चौदाच्या वर जाते आणि पीएच (आम्लता जितकी कमी तितका हा आकडा जास्त) ३.८ च्या पुढे सरकतो. डॉगरिज खुंटावर (ज्या मुळावर वेलीचे कलम करतात त्यावर) वाढलेल्या बागेत हा त्रास अधिक असतो, कारण तो खुंट जमिनीतून पोटॅश भरपूर उचलतो आणि पोटॅशने पीएच चढतो.

पीएचचा हा मुद्दा प्रयोगशाळेपुरता नाही. वाइनला जंतूंपासून आणि हवेपासून राखण्यासाठी सल्फर डायऑक्साइड वापरतात आणि त्याचा प्रभाव पीएचवर अवलंबून असतो. पीएच ३.५ असताना लिटरमागे सुमारे ३० मिलिग्रॅम मुक्त सल्फर डायऑक्साइड जेवढे संरक्षण देतो, तेवढ्याच संरक्षणासाठी पीएच ३.८ असताना सुमारे ६० मिलिग्रॅम लागतो. ज्या वाइनरीत दर पंधरवड्याला प्रत्येक टाकीतील आणि बॅरलमधील मुक्त सल्फर मोजला जातो तेथे वाइन सुरक्षित राहते. जेथे ‘मागच्या वर्षीएवढाच टाकला’ असे उत्तर मिळते तेथे उन्हाळा संपेपर्यंत एखादे बॅरल हातचे जाते. आकाराने लहान असणे ही स्वच्छतेची किंवा काळजीची हमी नव्हे. उत्तम काम करणारी लहान वाइनरी मी पाहिली आहे आणि एकाच पाइपने सगळ्या टाक्या जोडणारीही पाहिली आहे.

आम्लता कमी पडली तर टार्टारिक आम्ल घालतात. उष्ण प्रदेशात ही सर्वमान्य पद्धत आहे आणि त्यात लपवण्यासारखे काही नाही. मात्र ते किण्वनापूर्वी रसात घातले तर वाइनमध्ये मिसळून जाते. बाटली भरायच्या आधी घातले तर जिभेच्या कडांना वेगळे टोचत राहते. आपल्या २०२० च्या बाटलीत आंबटपणा फळाच्या चवीबरोबर येतो की घोट गिळल्यावर एकटाच मागे उरतो, हे पुन्हा एकदा लक्ष देऊन पाहावे. पहिल्या प्रकारात तो हंगामाचा आहे, दुसऱ्यात वाइनरीच्या निर्णयाचा.

लाल वाइनचे किण्वन सालीसह होते. २४ ते २८ अंश तापमानात आठ-दहा दिवस रस सालींवर राहतो, वायूच्या जोराने साली वर येऊन त्यांचा जाड थर बनतो आणि तो दिवसातून तीन-चार वेळा खाली दाबावा लागतो, अन्यथा वरचा भाग कोरडा पडून व्हिनेगरचा जंतू बसतो. लहान वाइनरीत हे काम घरची माणसेच हाताने करतात. या दिवसांत वीज गेली आणि जनरेटर चालू झाला नाही, तर टाकीचे थंड पाणी फिरायचे थांबते. तापमान ३५ अंशांच्या आसपास गेले की यीस्ट दमते आणि साखर अर्धवट राहण्याचा धोका निर्माण होतो. शिराझचा सर्व माल एकदोनच टाक्यांत असेल तर एका रात्रीच्या चुकीने वर्षाचे उत्पन्न जाऊ शकते. बाटलीची किंमत ठरवताना ग्राहकाला ही जोखीम दिसत नाही, म्हणून मुद्दाम लिहिले.

गाळाविषयी थोडक्यात. रंगद्रव्ये आणि टॅनिन काळाच्या ओघात एकमेकांना जोडले जाऊन जड होतात आणि तळाशी बसतात. त्याबरोबर पोटॅशियम बायटार्ट्रेटचे, म्हणजे द्राक्षातील आम्लाच्या क्षाराचे, बारीक स्फटिकही असतात. मोठ्या कंपन्या बाटली भरण्यापूर्वी वाइन शून्याखाली काही अंशांपर्यंत थंड करून हे स्फटिक आधीच पाडून घेतात आणि नंतर ०.४५ मायक्रॉनच्या गाळणीतून ती काढतात. लहान वाइनरीकडे कधी ही यंत्रणा नसते, कधी चव पातळ होऊ नये म्हणून ती जाणूनबुजून वापरली जात नाही. गाळ आरोग्याला अपायकारक नाही, फक्त तोंडात खरखरतो. बाटली आदल्या दिवशी उभी करून ठेवावी, न हलवता उघडावी, काचेच्या जगमध्ये एका धारेने सावकाश ओतावी आणि शेवटची दोन बोटे वाइन बाटलीतच सोडावी.

खरा बिघाड नाकाने ओळखता येतो. नेलपॉलिश किंवा तीव्र व्हिनेगरचा वास आला तर ॲसिटिक जंतूने काम केलेले आहे आणि त्यावर उपाय नाही. ओल्या पुठ्ठ्याचा, दमट तळघराचा वास बुचाच्या दोषातून येतो. मळसूत्री झाकणाच्या बाटलीत तो सहसा नसतो. घोड्याच्या तबेल्याचा किंवा औषधी चिकटपट्टीचा वास ब्रेटॅनोमायसिस या यीस्टमुळे येतो, आणि वर सांगितलेल्या जास्त पीएचच्या, कमी सल्फरच्या बॅरलमध्येच तो बळावतो. काही जणांना तो थोड्या प्रमाणात आवडतो, मला आवडत नाही, कारण तो आला की सगळ्या वाइन एकसारख्या लागू लागतात. सडक्या अंड्याचा वास आला तर मात्र घाई करून वाइन फेकू नये. तो बहुतेक वेळा जगमध्ये ओतून अर्धा तास हवा दिल्यावर जातो. जिभेला बुडबुडे जाणवले आणि वाइन गढूळ असली, तर उरलेल्या साखरेवर बाटलीत पुन्हा किण्वन सुरू झाले असण्याची शक्यता मोठी, आणि अशी बाटली वाइनरीला कळवायलाच हवी. आपल्या वर्णनात यांपैकी काहीही नाही, म्हणूनच मी सुरुवातीला तसे स्पष्ट लिहिले.

आता कपाट. पुण्यात एप्रिल-मे महिन्यांत बाहेर ३८-४० अंश असताना बंद खोलीतील कपाटात ३२ अंशांच्या वर तापमान सहज जाते आणि रात्रीही फारसे उतरत नाही. वाइन १२ ते १५ अंशांत मुरावी अशी अपेक्षा असते. तापमान दहा अंशांनी वाढले की रासायनिक बदलांचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो, म्हणून कपाटातील एक उन्हाळा थंड तळघरातील कितीतरी महिन्यांएवढा भरतो, आणि तो बदल चांगल्या दिशेने होत नाही. ताज्या फळाचा वास जाऊन शिजवलेल्या मुरंब्याचा आणि मनुकांचा वास येतो, रंगाची कडा जांभळी राहण्याऐवजी विटकरी होते, आणि बूच असलेल्या बाटलीत ते किंचित वर उचलले जाते किंवा त्याच्या बाजूने वाइन पाझरलेली दिसते. पेला पांढऱ्या कागदावर तिरपा धरून दोन्ही बाटल्यांतील वाइनची कडा पाहावी. २०२१ ची कडा अजून लालसर-जांभळी असेल तर ती बचावली आहे.

वाइनसाठी वेगळे शीतकपाट घेणे शक्य असेल तर उत्तम, पण दहा-बारा बाटल्यांसाठी तो खर्च करावाच असे मी म्हणणार नाही. घरच्या फ्रिजचा भाजीचा खालचा कप्पा मार्च ते जून या चार महिन्यांसाठी पुरेसा आहे. तेथे तापमान हवे त्यापेक्षा कमी असते, पण थंडीने वाइन सावकाश मुरते एवढेच. उष्णतेने ती मरते. बुचाच्या बाटल्या आडव्या ठेवाव्यात. स्वयंपाकघरातील माळा, फ्रिजच्या वरची जागा आणि गॅलरीला लागून असलेली भिंत टाळावी. वाइनरीतून येताना बाटल्या गाडीच्या डिकीत दुपारभर राहिल्या होत्या का, हेही आठवून पाहावे. बंद डिकीत काही तासांतही वाइनचे नुकसान होऊ शकते.

पेल्यातील तापमानाकडेही लक्ष द्यावे. लाल वाइन घरातील तापमानाला प्यावी हा सल्ला थंड देशांतील घरांसाठी आहे. आपल्या तीस अंशांत शिराझचा मद्यार्क नाकात चढतो आणि फळ दबून जाते. बाटली वीस-पंचवीस मिनिटे फ्रिजमध्ये ठेवून १६ ते १८ अंशांना वाढावी. आपल्या २०२० च्या हलक्या वाइनला तर १४-१५ अंशच शोभतील. तिची आम्लता तेथे ताजी वाटेल आणि पातळपणा खुपणार नाही. जेवणात तिच्याबरोबर खानदेशी वांग्याचे भरीत ठेवावे, कारण भाजलेल्या वांग्याचा धूर शिराझशी चांगला जमतो. झणझणीत काळ्या रश्श्याबरोबर मात्र कोणतीच टॅनिनयुक्त लाल वाइन देऊ नये. मिरचीची आग आणि मद्यार्क एकमेकांना वाढवतात, आणि मग ना रश्श्याची चव कळते ना वाइनची. उघडलेली बाटली घट्ट बंद करून फ्रिजमध्ये ठेवल्यास तीन दिवस चांगली राहते.

मुदतीबद्दल सांगायचे तर आपल्याकडील बहुतेक शिराझ काढणीपासून तीन ते पाच वर्षांत पिऊन टाकाव्यात. थोड्या राखीव दर्जाच्या, भरपूर टॅनिनच्या आणि कमी पीएचच्या वाइन आठ-दहा वर्षे जातात, पण त्या सुरुवातीपासून थंड जागी ठेवलेल्या असाव्या लागतात. २०२० च्या उरलेल्या बाटल्या आता थांबवून काही मिळणार नाही, त्या लगेच उघडाव्यात. २०२१ ची कडा विटकरी दिसत असेल तर त्याही पुढच्या उन्हाळ्याआधी संपवाव्यात. लालसर-जांभळी असेल आणि फ्रिजमध्ये जागा करता येत असेल, तर एक-दोन बाटल्या आणखी वर्षभर ठेवून पाहायला हरकत नाही. त्याआधी बाटलीवरील बॅच क्रमांक कळवून वाइनरीला तीन गोष्टी विचाराव्यात : बाटली भरताना पीएच किती होता, वाइन गाळली होती का, आणि किती महिने बॅरलमध्ये होती. चांगली लहान वाइनरी ही माहिती आनंदाने देते, आणि ज्याने स्वतः टाकीवर उभे राहून साली दाबल्या आहेत तोच माणूस बहुतेक वेळा फोनवर असतो.